बशीच्या काठावरचा सांधा

भाद्रपदात आमच्या परभणीच्या घरी महालक्ष्म्या बसतात, तेव्हा आरासीच्या तिसऱ्या पायरीवर, डाव्या अंगाला, तांब्याच्या कळशीला टेकवून एक निळी बशी उभी केलेली असते. वर दोऱ्याला टांगलेल्या फुलोऱ्याच्या करंज्या आणि वेण्या, खाली गव्हातांदळाच्या राशी, पुढे सोळा भाज्यांचं पान, बाजूला लाकडी बैलजोडी आणि लाखेची फळं. आणि या पिवळ्या-लाल-हिरव्या गजबजाटात ती एकच निळाई, समईची वात हलली की पाण्यासारखी हलणारी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मुखवट्यांचं, शालूंचं, फुलोऱ्याचं कौतुक करतात आणि निघता निघता कुणीतरी एखादी बशीपाशी थबकते. आज आपणही तिथंच थबकू या. खाली बसून घेऊ या, कारण ही बशी उभ्यानं बघण्याची नव्हे; डोळे पायरीच्या उंचीला आले की मगच तिच्यातलं तळं भरतं.

उजवीकडे दुमजली वाडा आहे, त्याच्या छपराचे कोपरे नथीच्या आकड्यासारखे वर वळलेले. वाड्यामागं फळांनी लगडलेलं झाड. फळं इतकी गोल आणि इतकी नेमकी की ती मोजावीशी वाटतात. समोर वेड्यावाकड्या वळणाचं कुंपण. मधोमध काठावर झुकलेलं झाड, ज्याच्या फांद्या केस मोकळे सोडल्यासारख्या पाण्यावर लोंबतात. इंग्रजीत त्याला विलो म्हणतात आणि या साऱ्या चित्राला त्याचंच नाव पडलं आहे. झाडाखालून डावीकडे कमानींचा पूल जातो, त्यावर एकामागं एक तीन माणसं. पलीकडं एक होडी, तिच्याही वर बेटावरचं एक घर. आणि सगळ्यांच्या वर, आकाशाच्या अगदी मध्यावर, चोचीला चोच लावायला निघालेले दोन पक्षी. आपण हे चित्र वाचतो कुठून? मी कित्येकांना विचारलं. बहुतेकांची नजर पुलावर पहिल्यांदा जाते, तिथून होडीकडं, तिथून पक्ष्यांकडं, आणि मग ती घसरत पुन्हा वाड्याच्या पायऱ्यांवर येते. चित्रकारानं नजरेला एक प्रदक्षिणाच घालून दिली आहे, आणि तळं मध्ये ठेवलं आहे, देवळाच्या गाभाऱ्यासारखं मोकळं.

हे सारं चिनी दिसतं, पण आहे इंग्रजांचं. १८ व्या शतकाच्या अखेरीला स्टॅफर्डशायर परगण्यातल्या कुंभारांनी चीनहून येणाऱ्या महागड्या निळ्या भांड्यांकडं बघत बघत, थोडं इकडून थोडं तिकडून घेत हे चित्र जुळवलं. चित्र आधी आलं, गोष्ट मागाहून. १९ व्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात या चित्राला एक प्रेमकथा चिकटवली गेली: श्रीमंत मँडरिनची मुलगी, तिच्या बापाचा गरीब कारकून, पुलावरून पळणारं जोडपं आणि त्यांच्या मागं धावणारा बाप, आणि शेवटी देवांनी त्या दोघांची केलेली पाखरं. चीनमध्ये ही कथा कुणाला ठाऊक नव्हती. इंग्रज आया मात्र पोरांना जेवू घालताना बशीवर बोट ठेवत ती सांगू लागल्या.

माझ्या आजीला ती कथा कधी कळली नाही, आणि बरंच झालं म्हणायचं, कारण तिनं स्वतःची लावली. आमचं मूळ घर सेलूचं. आजी म्हणायची, पुलावरचे तिघे गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला निघालेत. पहिल्याच्या हातात काठी आहे, मधल्याच्या हातात शिदोरी, तिसरा मागं राहिला कारण त्याचा पाय दुखतोय. (मूळ इंग्रज गोष्टीत पहिलीच्या हातात सूत कातायची चाती असते, दुसऱ्याच्या हातात दागिन्यांची पेटी आणि तिसऱ्याच्या, म्हणजे बापाच्या, हातात चाबूक. आजीनं चाबकाचा दुखरा पाय केला, हे मला फार मोठं वाटतं.) खालचं पाणी अर्थातच गंगा, म्हणजे आपली गोदावरी, आपल्याकडं तिला दुसरं नाव घेऊन कुणी हाक मारत नाही. होडीतला नावाडी पैलतीरावरच्या माणसांना घेऊन यायचा. आणि पाखरं? पाखरांचं ती काही सांगत नसे. ‘असतात पाखरं,’ एवढंच म्हणायची, आणि आम्ही पोरं वर बघत राहायचो.

आता काठाकडं येऊ. बशीच्या काठाला चौकटींची, फुलपाखरी नक्षीची रुंद पट्टी आहे. घड्याळात नऊ जिथं असतात तिथं जरा नजर रोखून बघा. नक्षी एकाएकी अडखळते. एक चौकट अर्धीच राहते, पुढची चौकट तिच्यावर थोडी चढते, एका फुलाला पाकळी कमी पडते. लुगड्याच्या काठाला जोड दिला की बुट्टीवर बुट्टी येत नाही, तसं. लहानपणी मला ती बशीची खोड वाटायची, आणि आजीही बशी ठेवताना ती जागा हळूच कळशीकडं वळवायची. पुढं या भांड्यांचा नाद लागला, चार पुस्तकं वाचली, चार ठिकाणी हिंडलो, तेव्हा उमगलं की अख्ख्या बशीवरची सगळ्यात जिवंत जागा हीच.

कारण ही नक्षी कुंचल्यानं काढलेली नाही. तांब्याच्या पत्र्यावर सगळं चित्र कोरलेलं असे. पत्रा तापवायचा, तेलात कालवलेला कोबाल्टचा रंग त्याच्या रेघांत चोळून भरायचा, वरचा पुसून काढायचा, आणि साबणाचं पाणी दिलेला पातळ कागद त्यावर ठेवून दाबयंत्रातून काढायचा. कागदावर ओलं चित्र उमटे. मग एक लहान मुलगी कात्रीनं कडा कापून चित्र वेगळं करी, काठाची पट्टी वेगळी करी, आणि एक बाई तो कागद भाजलेल्या पण अजून झिलई न दिलेल्या कोऱ्या बशीवर बेतून बसवी, ताठ केसांच्या ब्रशानं घासघासून रंग मातीत उतरवी, आणि मग बशी पाण्यात बुडवून कागद सोडवून घेई. पुन्हा भट्टी, मग झिलई, मग पुन्हा भट्टी. मधलं चित्र गोल, ते सहज बसतं. पण काठाची पट्टी सरळ कागदाची आणि बशीचा काठ वाकडा! ती पट्टी वळवत, ओढत, जागोजाग चिमटा काढत ती बाई फिरवून आणी, आणि जिथून निघाली तिथं परत पोचल्यावर दोन टोकं कधी तंतोतंत जुळत नसत. आपल्या बशीवर ती नऊच्या जागी भेटली आहेत. दिवसाकाठी असल्या कितीतरी बशा हातावेगळ्या करणाऱ्या त्या बाईनं पाकळीभर चुकीकडं एकदा बघितलं असेल, अंगठ्यानं कागद किंचित सरकवला असेल, आणि पुढची बशी ओढली असेल. तिचं नाव कुठं नाही. कारखानदाराचा शिक्का बशीच्या पोटाखाली आहे. तिचा शिक्का हा सांधा.

बशी उलटी करू या, दोन्ही हातांनी. मागं, बुडाच्या कडेशी, समान अंतरावर तीन बारीक खडबडीत ठिपके लागतात बोटाला. झिलई चढवलेल्या बशा भट्टीत एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मातीच्या तीन टोकांच्या तिवईवर त्यांना बसवत. त्या टोकांच्या या खुणा. महालक्ष्म्यासुद्धा तिवईवरच उभ्या राहतात, हे मला दरवर्षी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवताना आठवतं. मध्यभागी निळ्या अक्षरांत शिक्का आहे आणि शिक्क्याखाली ‘इंग्लंड’ एवढा एक शब्द. जाणकार या एका शब्दावर झेप घेतात. १८९१ पासून अमेरिकेच्या जकात कायद्यानं बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून त्यानंतरच्या इंग्रजी भांड्यांवर सहसा ‘इंग्लंड’ सापडतं. आणि ‘मेड इन इंग्लंड’ असा लांब शब्द दिसला तर भांडं बहुधा २० व्या शतकात बरंच पुढं सरकलेलं असतं. त्याच्याही आधीच्या, १८४२ ते १८८३ मधल्या कित्येक वस्तूंवर चौकटच्या एक्क्यासारखी एक खूण असते, जिच्या कोपऱ्यांतली अक्षरं वाचली की नक्षी कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी नोंदवली गेली तेही निघतं. अमेरिकेतली एक जकात आणि सेलूच्या फडताळातली एक बशी! पणजोबा कापसाच्या अडतीवर मुनीम होते. १९०० च्या सुमाराला मनमाडहून सिकंदराबादकडं निजामाची अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि आपल्या भागातल्या कापसाच्या गाठींना मुंबईची वाट सोपी झाली. हिशेबासाठी मुंबईला गेलेले पणजोबा खिशातला हाली सिक्का बदलून कलदार रुपये घेऊन बाजारात शिरले आणि धोतराच्या घड्यांत गुंडाळून ही बशी घेऊन आले, असं घरात सांगत.

एक गोष्ट मात्र रसिकानं स्वतःशी नीट ठरवून घ्यावी. आपण सगळ्यालाच चिनीमाती म्हणतो, पण ही बशी उजेडासमोर धरली तर उजेड अडतो. ती पांढऱ्या मातीची, जाड, खेड्यातल्या माणसासारखी भरीव. उजेड पिणारी चीज वेगळी. ती बघायची तर शेजारच्या पायरीवरचा कप उचलावा लागेल.

कप कसला, वाटीएवढा. बाहेरून दुधी पांढरा, त्यावर गुलाबाच्या तीन कळ्या आणि कानाशी एक पान, काठाला सोन्याची रेघ. आतून काहीच नाही. आता असं करा, समईपुढं तो आडवा धरा आणि मागून दोन बोटं फिरवा. बोटांच्या सावल्या कपाच्या अंगातून दिसतात, पाण्याखाली मासे फिरावेत तशा. ही बोन चायना. स्टॅफर्डशायरच्याच स्पोड घराण्यानं १८ व्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही मिसळ पक्की केली: निम्म्याच्या आसपास गुरांच्या हाडांची राख, उरलेल्यात केओलिन ही पांढरी माती आणि तिच्याबरोबर वितळून काच होणारा दगड, आणि १२०० अंशांच्या वरची भट्टी. राखेमुळं तिला ही शुभ्रता आली, हे अंगातून जाणारं तेज आलं, आणि एवढी नाजूक असून ती टिकतेही चिवट.

हाडांची राख हे शब्द आजीच्या कानावर कधी गेले नाहीत, पण तिच्या सोवळ्याला काहीतरी कळलं होतं. कप माजघराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. ओसरीवरच्या कोनाड्यात त्याची जागा. तहसीलदार, डॉक्टर, शाळा तपासायला आलेले साहेब यांना त्यातून चहा, आणि नंतर तो वेगळा धुऊन पुन्हा कोनाड्यात. कपाकडं अशा नजरेनं बघणारं आमचंच घर नव्हतं. १८९० साली पुण्यात गोपाळराव जोशांच्या खटपटीनं पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळी जमली, तिथल्या चहाबिस्किटांवरून उठलेलं ग्रामण्य प्रायश्चित्तापर्यंत गेलं; त्या वादात मिशनऱ्यांच्या घरच्या कपानं केवढा भार उचलला! म्हणून या तीन कळ्यांकडं बघताना मला त्यांच्या कोवळेपणाइतकाच त्यांचा उंबऱ्याबाहेरचा मुक्काम दिसतो. आजीच्या शेवटच्या वर्षांत एकदा, भाद्रपदातच, आरास मांडताना तिनं स्वतःहून मला कोनाड्यातून कप आणायला सांगितलं आणि महालक्ष्म्यांच्या पुढं तो मांडला. का, ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या दिवसापासून तो आत आहे.

आणि सोन्याच्या रेघेकडं बघा. ती सगळीकडं सारखी नाही. कान उजव्या हाती धरला की ओठ जिथं टेकतात, तेवढ्या बोटभर जागेत सोनं उडून नुसता पांढरा काठ उरला आहे. झिलईवर चढवलेलं सोनं मंद आचेवर भाजतात, म्हणून ते वापरानं झिजतं. दुकानदार अशा कपाची किंमत कमी करतो. मी मात्र ती बोटभर जागा बघून कप निवडीन. कोनाड्यात एवढं वेगळं ठेवलेलं भांडंही किती ओठांना लागलं, त्याची ही वही.

तिसरी चीज आरासीत मांडत नाहीत, ती थोरल्या महालक्ष्मीच्या पदराला लावतात. चांदीचा ब्रोच, दोन बोटं लांब. त्यावर आयव्हीची वेल, भिंतीला एकदा धरलं की न सोडणारी, म्हणून इंग्रजांनी तिला निष्ठेची खूण मानलं. आणि वेलीवर उडतं पाखरू. हा काही घराण्यातला नव्हे. काही वर्षांपूर्वी परभणीतल्या एका सराफाच्या गादीवर मोडीच्या ढिगात, तुटक्या तोरड्या आणि वाकलेल्या जोडव्यांच्या मध्ये, तो पालथा पडला होता. पालथा होता म्हणूनच दिसला, कारण पाठीवर चार बारीक शिक्के एका ओळीत होते: करणाऱ्याची आद्याक्षरं, एक नांगर, चालता सिंह आणि सालाचं अक्षर. सराफानं टंच काढून ठेवला होता, ब्याण्णवच्या वर. तो बरोबरच होता, कारण सिंहाचा अर्थच हजारात ९२५ भाग चांदी. पण नांगर? नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावाला नांगर कशाला, असं आपल्याला वाटेलच. १७७३ मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन गावांना चांदी पारखायची कचेरी मिळाली. त्यासाठी लंडनला खटपट करताना त्यांची मंडळी क्राउन अँड अँकर नावाच्या खाणावळीत उतरत, आणि तिथंच नाणं उडवून एकानं मुकुट घेतला, एकानं नांगर, असं सांगतात. कचेरीची खूण म्हणून खाणावळीची पाटी! मी पाऊण तोळ्याचे पैसे दिले आणि सराफानं तो पुडीत बांधताना म्हटलं, ‘वेल छान आहे हो. आटवायला जीव होत नव्हता.’

मागचा काटा मूळचा नाही. तो पितळेचा आहे, इथल्याच कुणा सोनारानं डाग देऊन बसवलेला, आणि डागाचा तो ओबडधोबड थेंब बर्मिंगहॅमच्या सफाईशेजारी ठळक उठून दिसतो. कुणा बाईचा पदर सुटायला लागला असेल, तिनं तो नीट करून घेतला असेल, आणि पुन्हा वर्षानुवर्षं लावला असेल. बशीवर पट्टीची दोन टोकं जिथं भेटली तिथं जसा एक हात दिसला, तसा इथं दुसरा दिसतो.

अशा वस्तूंचा मोठा दरबार बघायचा तर आपल्याला फार लांब जावं लागत नाही. रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी तीच होती, त्यामुळं तिथं गेलं की परगावी आल्यासारखं वाटत नाही. मीर यूसुफ अली खान, तिसरे सालारजंग, यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय १६ डिसेंबर १९५१ ला नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीत उघडलं आणि १९६८ मध्ये मुसीच्या काठावरच्या आजच्या इमारतीत आलं. दर तासाला तिथल्या संगीत घड्याळापुढं गर्दी लोटते, तेवढ्या वेळात युरोपी चिनीमातीची दालनं रिकामी होतात. ती वेळ साधावी. काचेमागं एकेक कप, एकेक तबक, निर्व्यंग, काठावरचं सोनं शाबूत. डोळे निवतात. आणि तरी तिथून निघताना मला दरवेळी तिसऱ्या पायरीवरच्या बशीची आठवण येते. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, करंडे गोळा केले ते याच ओढीनं असावेत. त्यांच्या संग्रहात वापरलेल्या वस्तूला पहिला मान आहे, आणि एखाद्या अडकित्त्याच्या झिजलेल्या पात्यावर तिथं जितका वेळ उभं राहावंसं वाटतं तितका राजेरजवाड्यांच्या तलवारींपुढं कुठं वाटत नाही.

पण निळ्याबद्दल मी अजून बोललोच नाही, आणि त्याशिवाय बशी पुरी होत नाही. कोबाल्ट भट्टीत जायच्या आधी काळपट, मळका दिसतो. भट्टीच्या एवढ्या उष्णतेत बहुतेक रंग जळून जातात. हा मात्र झिलईच्या खाली राहून आगीतच निळा होतो, आणि एकदा झाला की घासा, धुवा, उन्हात ठेवा, ढळत नाही. आपल्या बशीवरचा निळा एकजात नाही. वाड्याच्या छपरावर तो दाट, जवळजवळ काळा. विलोच्या फांद्यांत पातळ. पाण्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा, एकीपासून दुसरी किंचित दूर. म्हणजे पाणी रंगवलेलंच नाही, मध्ये पांढरं सोडलं आहे आणि आपलं मन ते भरतं. कोरणाऱ्यानं तांब्यात जिथं खोल कोरलं तिथं रंग जास्त बसला, जिथं नुसतं ओरखडलं तिथं कमी. एकाच रंगाच्या इतक्या छटा केवळ खोलीनं साधलेल्या! भर दुपारी खिडकीच्या उजेडात ती बशी छापील दिसते. समईत मात्र दाट निळा मागं सरतो, पातळ पुढं येतो, आणि ते तिघे पुलावरून हलल्यासारखे वाटतात.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. मुखवटे उतरले, धान्याच्या राशी पोत्यांत गेल्या, फुलोरा शेजारीपाजारी वाटला की वस्तू आवरायचं काम माझ्याकडं असतं. लाकडी पेटीत मानवतहून आणलेला सरकी काढलेला कापूस अंथरायचा. ब्रोच आजीच्या सुती लुगड्याच्या तुकड्यात. मग कप, पालथा, त्याच्या पोटात कापसाचा बोळा. बशी शेवटी. तिच्या काठाला सांध्यापासून आत एक केसाएवढी चीर आहे, निदान माझ्या जन्माआधीची. म्हणून ठेवण्याआधी आजी करायची तेच मी करतो. माठ घेताना कुंभारवाड्यात बायका करतात तसं बशी तीन बोटांवर तोलायची, वाकून कान जवळ न्यायचा आणि नखानं काठावर एक टिचकी मारायची. पोरं आजूबाजूला गप्प उभी असतात. यंदाही मारली. आवाज जाड आला, थोडा घोगरा, पण फुटका नाही.

‘बोलली,’ नात म्हणाली.

मग सांधा वर ठेवून ती कापसात निजवली.